एक खुर्ची कमी

धाकट्या जावेचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटत होता असं कुणी म्हणालं, तर ते खोटं आहे. पहिले अकरा दिवस अजिबात वाटला नाही. उलट मीच तिला न्हाऊ घातलं, वेणीत अबोलीचा गजरा माळला, सासऱ्यांना चहा किती गोड लागतो, सासूबाईंसमोर कुठल्या विषयावर गप्प बसायचं, सगळं हौसेनं शिकवलं. बाराव्या दिवशी तिनं सोप्यातला दिवाण हलवला.

आमचं घर राजारामपुरीत. जुनंपुराणं नव्हे, चांगलं स्लॅबचं, मोझॅक फरशीचं. गुळाच्या अडतीत जम बसल्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेनं बांधलेलं. समोरच्या मोठ्या खोलीला नकाशात 'हॉल' म्हटलं होतं, पण घरातली माणसं मूळची खेड्यातली, त्यांच्या तोंडी 'सोपा'च राहिला. पंचवीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद. सासूबाई म्हणायच्या, "दोन म्हसरं बांधली तरी माणसांस्नी पाय पसराय जागा उरंल."

हा सोपा माझा होता. कागदावर नव्हे, पण होता. स्वयंपाकघर सासूबाईंचं. तिथं मी नऊ वर्षं राबले, पण आज भाजी कुठली करूया, हे एक दिवस मला कुणी विचारलं नाही. देवघरही त्यांचंच. दुकान पुरुषांचं. माझी मुलगीसुद्धा माझी कमी आणि आजीची जास्त. उरला सोपा, आणि तो कुणालाच नको होता म्हणून माझ्या वाट्याला आला. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं एक विटकं जाजम, दोन लोड आणि भिंतीला टेकवलेली सायकल होती.

मी गारगोटीची, मास्तरांची मुलगी. आमच्या घरात एकच खुर्ची होती, वडिलांची. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. खुर्ची म्हणजे मान, हे मला शिकवावं लागलं नाही. म्हणून सासरी पहिल्यांदा काही मागितलं ते खुर्च्याच मागितल्या. माहेरच्या ओळखीच्या सुताराकडून सागवानी, वेतानं विणलेल्या आठ खुर्च्या करून आणल्या. मग दिवाण आला, रेडिओ आला, काचेचं कपाट आलं.

दिवाण आतल्या भिंतीला, ती मामंजींची जागा. आठ खुर्च्या बाकीच्या भिंतींना पाठ लावून, फरशीच्या नक्षीची रेघ धरून. फोटो सुतळी ताणून सगळे एका उंचीवर. कपाटात माझ्या रुखवतातली मण्यांची बदकं, लोकरीचा मोर, शिंपल्यांची होडी. रेडिओवर क्रोशाचा रुमाल. मधली फरशी सगळी मोकळी, पुसली की तिच्यात खिडकीचे गज दिसायचे. कुठल्या पावण्यानं कुठं बसायचं हे आमच्याकडे सांगावं लागत नसे. दिवाणापासून दारापर्यंत मान पायरीपायरीनं उतरत जायचा. व्याही-जावई दिवाणाजवळ, गुळाचे व्यापारी खिडकीखाली आणि गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं दाराशी. माणसं दारात चपला काढायची आणि आपोआप आपापल्या जागी जाऊन बसायची. मला ते पाहून फार बरं वाटायचं.

धाकटी कबनूरची. वडिलांचे यंत्रमाग होते, त्यामुळे तिच्याबरोबर भांड्यांखेरीज पडद्याच्या कापडाचे दोन गठ्ठे आले. कॉलेजची दोन वर्षं झालेली. मासिकांतली बंगल्यांची चित्रं कापून तिनं एका वहीत चिकटवली होती, आणि ती वही रुखवतात मांडली होती. दिसायला ती माझ्यापेक्षा उजवी की नाही यावर गल्लीत दोन मतं होती. मी कुठल्या मताची होते ते सांगायला नको.

तो शुक्रवार होता आणि मी अंबाबाईला गेले होते. ओटीची गर्दी, परत यायला दोन-अडीच तास लागले. आले ती दारातच थबकले. दिवाण खिडकीखाली गेला होता. खुर्च्या भिंती सोडून मध्ये आल्या होत्या, चार टीपॉयभोवती, तीन रेडिओजवळ कोपऱ्यात आणि एक आतल्या दाराशी एकटीच. खिडक्यांना पिवळे पडदे. फोटो कुठं वर, कुठं खाली. आणि माझं काचेचं कपाट न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात. पदर खोचून, कपाळावरचा घाम पुसत ती मध्ये उभी होती आणि हसत होती.

"अक्का, रागावू नका हां," ती म्हणाली. "पर आदी कसं एष्टी स्टँडावानी वाटत हुतं बघा. समदी भिताडाला पाठ लावून बसल्याती, गाडी कवा सुटंल वाट बघत."

माझे यजमान तिथंच उभे होते. ते खो खो हसले. नऊ वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्यावर ते असे हसल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "छान झालंय," आणि आत जाऊन अंबाबाईचा प्रसाद सगळ्यांना वाटला. तिला दोनदा दिला, कारण पहिल्यांदा दिल्याचं लक्षात राहिलं नाही.

मला खात्री होती की मामंजी आले की भडकतील. त्यांच्या वस्तूला हात लावलेला त्यांना खपत नसे. संध्याकाळी ते दुकानातून आले, टोपी काढली, चहूकडे पाहिलं, खिडकीखाली दिवाणावर टेकले आणि पाय वर घेतले. "आता बसाय बरं वाटतंय," ते म्हणाले. "वारं लागतंय की." बस, एवढंच. आधीच्या जागी वारं लागत नाही हे नऊ वर्षांत एकदा मला सांगितलं असतं, तर दिवाण मीही हलवला असता. पण मला कुणी सांगितलं नाही आणि तिला कुणी न सांगता कळलं. माझं खरं दुखणं ते होतं.

त्यानंतर आमच्या दोघींत एक युद्ध सुरू झालं, ते घरात कुणाला दिसलं नाही. सकाळी केर काढताना मी प्रत्येक खुर्ची भिंतीकडे वीतभर सारायची. दुपारी ती धूळ पुसताना वीतभर पुढं ओढायची. मी फोटो सरळ एका रेषेत आणले की दोन दिवसांत त्यातला एखादा खाली उतरायचा. बदकं मी बोळातून आणून रेडिओवर ठेवली. तिनं ती उचलली नाहीत, फक्त त्यांच्या शेजारी पितळी फुलदाणी ठेवली, एवढी मोठी की बदकं दिसेनाशी झाली. तोंडानं मात्र आम्ही "अक्का, चहा घ्या की" आणि "राहू दे गं, दमली असशील" असंच बोलत होतो. सासूबाई शेजारपाजारी सांगायच्या, "माझ्या सुना भनीभनीवानी हाईत."

आलेला प्रत्येक माणूस सोप्याचं कौतुक करी आणि विचारी, "कुणी केलं?" मग सासूबाई लांबूनच धाकटीकडे बोट करत. खरं सांगायचं तर खोली चांगली दिसत होती. रात्रंदिवस मला तेच खुपत होतं. वाईट दिसली असती तर मी तिला मदतसुद्धा केली असती.

अशातच वन्संना, म्हणजे आमच्या एकुलत्या एका नणंदेला, स्थळ आलं. मुलगा जनावरांचा डॉक्टर, शाहूवाडीकडे नोकरीला. माणसं कागलची, शेतीवाडीची. वन्संचं वय तेव्हाच्या हिशेबानं थोडं पुढं गेलेलं, दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळे घरात सगळे धास्तावले होते. पाहुणे रविवारी सकाळी दहाला येणार. आदल्या दिवशी सासूबाईंनी कामं वाटली. "सोपा धाकटी लावंल. थोरले, तू पोह्याचं बघ."

घरातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला, माझ्या सोप्यात, मला पोह्याचं बघायला सांगितलं होतं. मी मान डोलावली.

धाकटीनं एक नवीनच टूम काढली. "वन्संस्नी पाटावर बसवायचं न्हाय," ती म्हणाली. "खुर्चीवर बसवायचं. पावण्यांच्या बरोबरीनं, समोरासमोर."

"आगं, लोक काय म्हणतील?" सासूबाई म्हणाल्या.

"लोक खुर्चीवरच बसणार हाईत की. त्यास्नी काय तरास हाय?"

मामंजी हसले आणि म्हणाले, "बसू दे खुर्चीवर. आपली पोरगी काय हलकी हाय व्हय?"

मला बघायला आले तेव्हा मी पाटावर बसले होते. मान खाली आणि समोर नुसते पाय. नवऱ्याचा चेहरा मी नीट पाहिला तो लग्नात. तोवर त्यांच्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हा वन्संनी खुर्चीवर बसावं याला माझी हरकत असायचं काही कारण नव्हतं. उलट मनातून मला ते पटलं होतं. पण ते तिला सुचलं होतं. आणि माझ्या वेळी ते सुचणारं माझ्या घरात कुणी नव्हतं. या दोन्ही गोष्टी माझ्या छातीत एकदमच जळत होत्या आणि त्यातली कुठली जास्त, ते मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी धाकटीनं सोपा लावला. दिवाणावर मुलाची आई, मावशी आणि सासूबाई. सात खुर्च्यांवर सात पुरुष. त्यांच्याकडचे मुलगा, त्याचे वडील, मामा आणि स्थळ आणणारे मध्यस्थ. आमच्याकडचे मामंजी, माझे यजमान आणि धाकटे दीर. आठवी खुर्ची आतल्या दाराजवळ, जरा तिरकी, वन्संसाठी. तिच्या बैठकीवर तिनं छोटी उशीसुद्धा ठेवली होती. मी दोनदा तिकडून गेले आणि दोनदा ती उशी पाहिली.

साडेनऊच्या सुमारास सोप्यात कुणी नव्हतं. धाकटी वरच्या खोलीत वन्संना साडी नेसवत होती. सासूबाई देवापुढं होत्या. पुरुष कपडे करत होते. मी स्वयंपाकघरातून आले, उशी दिवाणावर टाकली, ती खुर्ची उचलली आणि आत नेली. तिच्यावर भिजवलेल्या पोह्यांची रोवळी ठेवली. कुणी विचारलंच तर, ओट्यावर जागा नव्हती म्हणून. कामाच्या घरात असं होतं.

माझा बेत सरळ होता. वन्सं चहा-पोहे घेऊन येतील, ताटं देतील, बसायला वळतील तर बसायला काही नाही. सगळे चपापतील. धाकटीची तारांबळ उडेल. तेवढ्यात मी पाट घेऊन येईन, सवयीनं, शांतपणे, थोरल्या सुनेला शोभेल असा मांडीन, आणि सासूबाई म्हणतील की शेवटी आपलं जुनंच बरं. पाट मी आधीच ओल्या फडक्यानं पुसून दारामागं उभा करून ठेवला होता. वन्संचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला होता. मी तो बाजूला सारला.

पाहुणे आले. पाय धुणं, पाणी, "रस्ता कसा हुता," "पाऊसपाणी काय म्हणतंय," सगळं झालं. सातही खुर्च्या भरल्या. आठवी गेली आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण रिकामी जागा मोजायची सवय पुरुषांना नसते. धाकटी वन्संना दारापर्यंत सोडून, सोप्यात न डोकावता, वरच्या जिन्याशी थांबली. मी आतल्या पडद्यामागं, हातात पाट.

वन्संनी ताटं दिली. पोह्याचा दाणा सांडला नाही. मग त्या वळल्या. जागा मोकळी होती. त्या तिथं उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी पदराचं टोक धरून, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. माझे यजमान पोह्यातला शेंगदाणा चावत होते, तो आवाज ऐकू येत होता. मामंजी इकडंतिकडं बघायला लागले. आमच्याकडचे तीन पुरुष बहिणीकडे, लेकीकडे बघत होते, आणि तिघांपैकी एकाच्याही मनात उठावं असं आलं नाही. मला वाटलं, आत्ता. मी पडद्याला हात घातला.

तेवढ्यात मुलगा उठला. ताट टीपॉयवर ठेवलं, आपली खुर्ची उचलून वन्संच्या शेजारी आणून ठेवली आणि म्हणाला, "बसा की. मला उभं राहायची सवय हाय, गोठ्यात कोण खुर्ची देतंय?"

वन्सं गोंधळल्या आणि चक्क बसल्या. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मुलाच्या वडिलांचे डोळे मोठे झाले. मुलगा मात्र रेडिओला टेकून उभा राहिला, पोहे संपवले, चहा प्याला आणि उभ्या उभ्याच वन्संना विचारलं, "जनावरांचं भ्या वाटतंय काय?" वन्सं मान वर करून म्हणाल्या, "बैलाचं वाटतंय. म्हशीचं न्हाय." मग मुलाची आई हसली, आणि मग सगळेच हसले. अर्ध्या तासात सुपारी फुटली.

मी पाट घेऊन पडद्यामागं तशीच उभी होते.

तरीही मला आशा होती. लग्न ठरलं ते ठरलं, पण खुर्ची कमी पडली ही चूक होतीच आणि ती धाकटीच्या माथी बसणार होती. पाहुणे निघताना मध्यस्थ मामंजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाटील, लई बेरकी हाईसा! एक खुर्ची मुद्दाम कमी ठेवलीसा व्हय? पोराची पारख केलीसा!"

मामंजी क्षणभर गोंधळले. मग त्यांचा चेहरा फुलला. "ते आमच्या धाकटीचं डोकं," ते म्हणाले. "सोपा तिनंच लावला."

सगळे धाकटीकडे वळले. ती जिन्याशी उभी होती. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, सोप्यातल्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. काही बोलली नाही. मुरकत हसलीसुद्धा नाही. लोकांनी तो विनय मानला.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. पोह्यांची रिकामी रोवळी खुर्चीवर तशीच होती. तिनं ती पाहिली. "अक्का," ती हळू म्हणाली, "मी आठ ठेवल्या हुत्या."

"ओट्यावर जागा नव्हती," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. रोवळी खाली ठेवली, खुर्ची पुसली आणि बाहेर नेऊन जागेवर ठेवली. त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. म्हणजे तिला कळलं होतं. आणि कळूनही तिनं श्रेय घेतलं होतं. मला तिचा राग आला, आणि थोडं बरंही वाटलं, की ही काही अगदीच देवमाणूस नाही.

पण पुढं जे झालं त्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. ही गोष्ट गल्लीत पसरली. लग्नात मुलाकडच्या माणसांनी सांगितली, आमच्याकडच्यांनी सांगितली, मामंजींनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. दर वेळी धाकटी अधिक हुशार होत गेली. लोक मुलीला दाखवायच्या आदल्या दिवशी धाकटीला घरी न्यायचे, खुर्च्या लावून द्यायला. आमच्या आणि शेजारच्या गल्लीत पद्धतच पडली. बघायचा कार्यक्रम असला की एक खुर्ची कमी. एका घरी मुलगा पोहे संपेपर्यंत ढिम्म हलला नाही, तर मुलीच्या बापानं तिथल्या तिथं नारळ परत दिला. दुसऱ्या घरी मुलगा उठला, त्याला बघून त्याचा मामा उठला, मग चुलता उठला, आणि सगळे पाहुणे उभे आणि मुलगी एकटी बसलेली. शेवटी मुलाकडच्यांना ही युक्ती कळली, तेव्हा मुलगी दारात यायच्या आधीच मुलं ताडकन उठून उभी राहायला लागली. मग ती पद्धत बंद पडली. धाकटीचं नाव मात्र झालं ते झालंच.

माझ्या हातून घडलेली, भल्याची ठरलेली अशी ती एकच गोष्ट. तीही वाईट मनानं केलेली. आणि तिच्यावर नाव दुसरीचं. मला सांगता येत नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे 'मी वन्संचा अपमान करायला निघाले होते' हेही सांगावं लागणार. वन्सं मला वैनी म्हणून जीव लावायच्या. दिवाळीला, राखीला आल्या की सोप्यात बसून म्हणायच्या, "या एका खुर्चीनं माझं कल्याण केलं," आणि धाकटीला मिठी मारायच्या. मी आत पुरणपोळ्या लाटत असायची. लाटणं जरा जोरात आपटायचं, एवढंच.

वन्संच्या पहिल्या मुलाचं बारसं आमच्याकडेच झालं. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. सोपा अर्थातच धाकटीनं लावला. पाळणा मध्ये, बायकांना भोवती बसायला सतरंज्या, आणि पडदे नवे, हिरवे. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि वन्संच्या सासरची एक लांबची मावशी म्हणाली, "ते खुर्चीचं सांगा की. मी ऐकलं न्हाई अजून." झालं. सासूबाईंनी सुरुवात केली. आता त्या गोष्टीत धाकटीनं आदल्या रात्रभर विचार केला होता, मुलाच्या घरची चौकशी केली होती आणि खुर्ची स्वतःच्या हातानं लपवली होती.

गोष्ट संपल्यावर सासूबाईंनी माझ्या मुलीला जवळ ओढलं. "हिच्या येळंला बी असंच करायचं बघा," त्या म्हणाल्या.

माझी मुलगी म्हणाली, "माझ्या वेळी काकूच सोपा लावणार. आईला नाही जमत."

बायका हसल्या. ती काही वाईट मनानं बोलली नव्हती. तिनं जन्मल्यापासून जे ऐकलं होतं ते बोलली. पण माझ्या हातातलं घुगऱ्यांचं ताट मी खाली ठेवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती खुर्ची मी उचलली होती."

कुणाला कळलंच नाही. मग मी मोठ्यानं म्हटलं. "तिनं आठ ठेवल्या होत्या. मी एक आत नेली. स्वयंपाकघरात. मीच."

सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या. आता वन्सं विचारतील, का? आणि मला ते सांगावं लागेल. मी तयार होते. खरंच तयार होते.

वन्सं हसल्या. किती मायेनं हसल्या! बाळाला एका हातानं झोके देत म्हणाल्या, "वैनी, आता ह्ये बी तुमचंच व्हय? आवो, तिचं एवढं तरी तिला राहू द्या की."

मग सगळ्याच हसल्या. सासूबाई पाहुणीला समजावून सांगायला लागल्या, "थोरली मनानं चांगली हाय. पर धाकटीचं कौतुक झालं की तिला सोसत न्हाय. पहिल्यापास्नं."

मी धाकटीकडे पाहिलं. तिला खरं ठाऊक होतं. भरल्या सोप्यात खरं ठाऊक असलेली ती एकटीच होती. ती पाळण्याच्या पलीकडे उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. ती सासूबाईंना म्हणाली, "न्हाय आत्ती, अक्का म्हणतात ते खरं हाय. मी आठच ठेवल्या हुत्या. माझं काय न्हाय त्यात."

तिनं खरं सांगितलं. इतक्या वर्षांनी का होईना, स्पष्ट, सगळ्यांसमोर सांगितलं. आणि बायकांमध्ये कुजबुज उठली, "बघा, केवढं मन हाय! थोरलीचा मान राखला." पाहुण्या मावशीनं तर उठून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शीक जरा तिच्याकडनं."

मी ताट उचललं आणि घुगऱ्या वाटत राहिले.

दुपारी पाहुणे पांगल्यावर मी मागच्या पायरीवर बसून मुलीची वेणी सोडत होते. तिला माझी लाज वाटली होती, ते तिच्या मानेवरून मला कळत होतं. शेवटी पाठमोरीच म्हणाली, "आई, तू सगळ्यांसमोर खोटं कशाला बोललीस?"

मी खोटं बोलले नव्हते हे तिला पटवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. साक्षीदार होती, तिनं साक्षही दिली होती, आणि त्यानं आणखीच बिघडलं होतं. मी तिच्या केसांतला गुंता सोडवत म्हटलं, "मला काकूचा हेवा वाटतो म्हणून."

ते मात्र तिला लगेच खरं वाटलं.